ठेकेदाराकडची सॅलरी स्लिप कशी वाचायची

सिक्युरिटी, हाऊसकीपिंग नाहीतर एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर असाल तर "हातात किती आले" एवढंच बघून स्लिप खिशात कोंबू नका. स्लिप देतच नसतील तर व्हॉट्सअ‍ॅपवर मागा, मागितल्याचा पुरावा तरी राहतो.

आधी बेसिक आणि विशेष भत्ता म्हणजे डीए यांची बेरीज करा, ही किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो, त्यामुळे जुना आकडा घेऊन भांडायला गेलात तर तोंडघशी पडाल. काम कुशल, अर्धकुशल की अकुशल आणि ठिकाण कुठल्या परिमंडळात (दरांसाठी पाडलेल्या भागात) येतं यावर दर ठरतो, तक्ता कामगार आयुक्तांच्या वेबसाइटवर मिळतो. बरेच ठेकेदार चांगल्या वेल्डरला पण कागदावर हेल्पर दाखवतात, तेवढं पद नीट वाचा.

आता कटिंग. समजा बेसिक-डीए मिळून १४,००० आहे, बाकी काही नाही. पीएफ १२ टक्के म्हणजे १,६८०, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) पाऊण टक्का म्हणजे १०५, आणि पुरुष असेल तर व्यवसाय कर २००, फक्त फेब्रुवारीत ३००. हातात १२,०१५ यायला पाहिजेत. बायकांना २५,००० पगारापर्यंत व्यवसाय कर २०२३ पासून नाहीच, तरी एखाद्या मावशींच्या स्लिपवर २०० कापलेले दिसले तर सरळ विचारा की हे कशाचे.

पीएफच्या रकान्यात १,६८० च्या जागी ३,३६० दिसले तर मालकाचा हिस्सापण तुमच्याच खिशातून काढलाय. विचारलं की म्हणतात "सीटीसीत (कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चात) धरलंय", धरलं असेल हो, पण मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. सरकारच्या उमंग अ‍ॅपवर पीएफचं पासबुक उघडा, तुमचे १,६८०, मालकाचे ५१४ आणि पेन्शनचे १,१६६ असे तीन आकडे दर महिन्याला दिसायला हवेत. स्लिपवर कापलेत आणि पासबुक कोरं, तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर घरबसल्या तक्रार टाकता येते.

ओटीचा म्हणजे ओव्हरटाइमचा हिशोब मात्र बसून करा. आठवड्याला ४८ तासांच्या वर ओटी, आणि ओटी डबल रेटने. रोज १२ तासांची ड्युटी सहा दिवस केली तर ७२ तास झाले, म्हणजे २४ तास ओटी, आणि डबलने त्याचे पैसे ४८ तासांएवढे. म्हणजे अख्खा एक पगार अजून! १२ तास उभं करून एकच पगार देणारा माणूस दर महिन्याला दुसरा पगार गिळतोय आणि वर "जेवण देतो ना" ऐकवतो. आपली हजेरी रोज मोबाईलवर लिहून ठेवा, खाडा, उचल सगळं, कारण त्याचं रजिस्टर तो पाहिजे तसं भरणार.

एटीएम कार्ड सुपरवायझरकडे ठेवू नका, बँकेत पूर्ण पगार दाखवून त्यातले दोन-तीन हजार कॅश परत मागायचा धंदा तिथूनच चालतो.

ठेकेदाराने पगार बुडवला तर ज्या कंपनीत काम करता तिच्यावरपण तो द्यायची जबाबदारी येते, म्हणून अर्जात दोघांची नावं टाका. एकट्याने जाऊ नका, पाच-सात जणांच्या सह्या घ्या, सोबत स्लिप, बँक स्टेटमेंट आणि हजेरीचे फोटो जोडा, सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात द्या आणि दुसऱ्या कॉपीवर शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.