जुन्या फळ्यांवर चिकट कागद लावताना

कोणाकडून तरी घेतलेलं वापरलेलं शेल्फ असलं, की त्याच्या फळ्यांवर डाग, ओरखडे, कपांचे गोल ठसे हे आलंच. मागे चिकट असलेला कॉन्टॅक्ट पेपर लावला की फळी नव्यासारखी दिसते. खरी मेहनत मात्र कागद लावण्याआधीची असते.

भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा, ओलसर फडक्याने पुसा आणि फळी रात्रभर वाळू द्या. सुटलेला रंग पॉलिश पेपरने घासा, खड्डे पुट्टीने भरा. धूळ शेवटच्या कणापर्यंत पुसा, कारण चकचकीत कागदाखाली राहिलेला एकच कण पुटकुळीसारखा वर येतो आणि रोज नजरेला टोचतो. भुसा दाबून बनवलेली फळी पाण्याने फुगली असेल, तर कागद ते झाकू शकत नाही. ती फळी बदललेलीच बरी.

कागद चारही बाजूंनी 3 ते 4 सेंटीमीटर जास्त कापा. मागचा कागद एकदम सोलू नका. एका टोकाला साधारण 10 सेंटीमीटर सोला, सरळ चिकटवा, मग एका हाताने सोलत दुसऱ्या हाताने मऊ कापड गुंडाळलेली पट्टी मधून कडेकडे फिरवा. बुडबुडा राहिलाच तर टाचणी टोचून हवा दाबून काढा.

समोरची कड वरच्या वर कापू नका, खाली वळवून चिकटवा. कागद उचकटायला सुरुवात नेहमी तिथूनच होते. वळवताना हेअर ड्रायरची थोडी ऊब दिली की कागद मऊ पडतो. पुढे काढायचा झाला तरी हीच ऊब द्या, अलगद सुटतो.