जुनी फॅमिली गाडी घेताना या चुका टाळा: रंगापेक्षा आधीची दुरुस्ती बघा

खंबाटकीच्या चढावर टेम्परेचरचा काटा लाल पट्टीकडे सरकला, तेव्हा गाडीत आम्ही सात जण होतो. आई-बाबा आणि आत्या मधल्या सीटवर, दोन्ही मुलं मागे. जुनी सात सीटर डिझेल गाडी घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते. रोज ऑफिसला नेली, एकदा लोणावळ्याला जाऊन आलो, काहीच तक्रार नव्हती. सपाट रस्त्यावर काटा अर्ध्याच्याही खाली राहायचा आणि इंजिन किती थंड चालतंय म्हणून मी खूश असायचो.

"एवढा चढ संपला की थांबू," म्हणत मी गाडी पुढे दामटली. वर पोहोचेपर्यंत बॉनेटमधून वाफा निघत होत्या. हेड गॅसकेट (इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं, हेड वाकलं म्हणून फेसिंग, म्हणजे घासून सपाट, करावं लागलं, रेडिएटर बदलावा लागला. घासाघीस करून गाडीच्या किमतीत जेवढे पैसे वाचवले होते, त्याच्या तिपटीहून जास्त गेले.

काम चालू असताना मिस्त्रींनी थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत त्याचं पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हची, जागा उघडून दाखवली. आत व्हॉल्व्हच नव्हता. रेडिएटरचा फॅनही डायरेक्ट केलेला होता, म्हणजे चावी फिरवली की फॅन सुरू. आधीच्या मालकाकडे गाडी तापत असणार. मूळ दुखणं चोंदलेल्या रेडिएटरचं. तो बदलायचा खर्च टाळण्यासाठी थर्मोस्टॅट काढला, फॅन डायरेक्ट केला, आणि शहरात गाडी तापायची थांबली. भरलेल्या गाडीने एसी लावून घाट चढेपर्यंत ते दुखणं झाकलेलं राहिलं.

तेव्हापासून नात्यात किंवा सोसायटीत कोणी जुनी गाडी बघायला निघालं की मी सोबत जातो, आणि सगळ्यात आधी एकच शोधतो: या गाडीचं कोणतं काम राहून गेलंय आणि ते कशाने झाकलंय? मागच्या मालकाने टाळलेला खर्च आरसीबरोबर आपल्याच नावावर होतो. खालच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

चूक पहिली: आधीच चालू करून ठेवलेली गाडी बघणं

आपण पोहोचतो तेव्हा गाडी धुऊनपुसून, चालू करून उभी असते. गरम इंजिन अनेक गोष्टी लपवतं. सकाळी लवकर जा आणि "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका" असं आदल्या दिवशी स्पष्ट सांगा. गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा.

इंजिन थंड असताना कुलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीत बघा. कुलंट सहसा हिरवं, लाल, गुलाबी किंवा निळं असतं. तिथे गंजाळलेलं तपकिरी पाणी दिसलं तर गाडीत वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं गेलंय आणि आतले पाण्याचे मार्ग गंजाने, क्षाराने भरलेत असं समजा. ऑइलचं झाकण उघडा. आतून सायीसारखा दाट पांढुरका थर असेल तर ऑइलमध्ये कुलंट मिसळत असण्याची शक्यता आहे. पावसाळ्यात फक्त जवळजवळच्या फेऱ्या झालेल्या गाडीत वाफेमुळे झाकणाला पातळ थर येतो, त्याने घाबरू नका. पण डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं) ऑइलही चहाच्या रंगाचं, दुधाळ दिसलं तर तिथूनच परत फिरा.

आता इंजिन सुरू न करता चावी फक्त ऑनवर न्या. चेक इंजिन, ऑइल, बॅटरी, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग हे सगळे दिवे लागले पाहिजेत आणि आपापल्या वेळी विझले पाहिजेत. दिवा विझत नाही हे लोकांच्या लक्षात येतं. तो लागलाच नाही, हे मात्र सुटतं. एअरबॅगचा दिवा मुळात लागतच नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो, आणि त्यामागे अपघातात फुटलेल्या आणि पुन्हा न बसवलेल्या एअरबॅग असू शकतात. ज्या गाडीत मुलं बसणार, तिथे या एका दिव्यासाठी मी व्यवहार सोडून देईन.

एसी बंद ठेवून गाडी सुरू करा. थंड इंजिनवर रेडिएटरचा फॅन लगेच फिरायला लागला तर तो डायरेक्ट केलाय का, किंवा एखादा सेन्सर गेलाय का, ते विचारा. सायलेन्सरमागे कोणाला तरी उभं करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल तर कुलंट जळतंय. डिझेल गाडीत इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून वर नुसतं ठेवा. ते नाचू लागलं, आतून भकाभक धूर आला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, म्हणजे इंजिनचं मोठं काम जवळ आलंय.

शेवटी काट्याकडे लक्ष ठेवा. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, तोपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर तापून आपल्या कामाच्या तापमानाला येतं. थर्मोस्टॅट काढला की इंजिन सतत अर्धवट थंड राहतं, मायलेज पडतं आणि झीज वाढते. पाच-दहा किलोमीटरनंतर काटा मधोमध येऊन स्थिर झाला पाहिजे. काटा नसलेल्या नव्या गाड्यांमध्ये इंजिन थंड असल्याचा निळा दिवा काही मिनिटांत विझला पाहिजे.

चूक दुसरी: सोसायटीभोवती एक चक्कर मारून "मस्त आहे" म्हणणं

निदान २०-२५ किलोमीटर चालवा. त्यात स्पीडब्रेकर हवेत, थोडा खराब रस्ता हवा आणि चढ हवाच. पुण्यात कात्रजचा जुना घाट आहे, कोल्हापूरकरांना पन्हाळ्याचा चढ आहे. एसी पूर्ण लावा आणि घरच्यांना बसवून न्या, कारण गाडी तशीच वापरायची आहे. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारा घूंघूं आवाज बहुधा व्हील बेअरिंगचा. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क.

ही यादी ऐकून लोक चांगली गाडीही नाकारतात, तेही चुकीचं आहे. बुश, लिंक रॉड, बेअरिंग, टायर, बॅटरी या झिजणाऱ्याच वस्तू आहेत. त्यांचा खर्च काढा आणि किमतीतून वजा करून मागा. नाकारायचं ते तापलेलं इंजिन, वाकलेली चासी, कापून जोडलेलं वायरिंग आणि पुराचं पाणी.

पुरात बुडालेली गाडी

याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण महाराष्ट्रात हा धोका खराखुरा आहे. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर, जुलै २०२१ चं चिपळूण आणि महाड. अशा प्रत्येक पुरात अनेक गाड्या पाण्याखाली जातात. त्यातल्या काही धुऊन, वाळवून, नवीन सीट कव्हर घालून लांबच्या शहरात विकल्या जातात.

सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गुंडाळलेल्या भागावर गढूळ डागाची रेष सापडू शकते, कारण तिथपर्यंत धुणाऱ्याचा हात सहसा पोहोचत नाही. सीटच्या रुळाचे बोल्ट आणि डॅशबोर्डखालचे स्क्रू बघा, बाकी गाडी कमी चाललेली आणि हे गंजलेले असतील तर कारण विचारा. पायाखालचं कार्पेट उचलून फोम दाबा. स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात वाळू किंवा गाळ आहे का ते पाहा. भर उन्हाळ्यात गाडीत सुगंधाचा मारा केला असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं बसा, कुबट वास कळतो.

अशी गाडी घेताना चालते, हाच धोका आहे. पाणी वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरलेलं असतं, तांब्यावर हिरवा गंज हळूहळू चढतो आणि काही महिन्यांनी कधी पॉवर विंडो, कधी एबीएस, कधी गाडी सुरूच न होणं, असं एकेक निघत राहतं. मग कोणत्याही मेकॅनिकला नेमका दोष सापडत नाही.

स्वतःची गाडी कधी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत असं इंजिनचं नुकसान बहुतेकदा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कवच घ्यावं लागतं.

चूक तिसरी: मीटरच्या आकड्यावर विश्वास

मीटर मागे घेता येतं, हे सगळ्यांना माहीत आहे, तरी "फक्त ३०,००० चाललीये" ऐकलं की आपण सैल पडतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक भेटीला किलोमीटरची नोंद होते. मालकाला सोबत घेऊन ती मागा. टायरच्या बाजूवर चार अंक असतात: ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटर २०,००० चं आणि चारही टायर गेल्या वर्षीचे, तर पहिले टायर एवढ्या कमी चालण्यात का संपले? ब्रेक पेडलचं गुळगुळीत झालेलं रबर आणि ड्रायव्हर सीटची बसलेली कड हेही आकड्याशी जुळलं पाहिजे. दारांच्या काचांवर वर्षाची खूण असते. एकच काच वेगळी असेल तर त्या बाजूचं दार आणि पिलर (दारालगतचा खांब) नीट बघा.

घरची गरज न पाहता इंधन निवडणं

बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा निकष) डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. अडलेली काजळी जाळायला इंजिनला सलग, जरा वेगात चालावं लागतं. मुलांची शाळा, भाजी, स्टेशन एवढंच रोजचं चालणं असेल तर काजळी जळायच्या आत गाडी बंद होते आणि गाळणी चोंदते. अशा घराने पेट्रोल घ्यावं. सीएनजी घेताना आरसीवर त्याची नोंद आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, ते पाहा.

उत्पादनाचा महिना मी किमतीसाठी कमी आणि सुरक्षिततेसाठी जास्त बघतो. एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस, जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि २०२१ च्या अखेरीपासून शेजारच्या सीटचीही एअरबॅग सक्तीची झाली. बजेट परवडत असेल तर २०२२ किंवा त्यापुढची लहान गाडी, ही त्याआधीच्या मोठ्या गाडीपेक्षा मी आधी निवडेन.

कागद

आरसीवर बँकेचं कर्ज दिसत असेल तर ते उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलनं बाकी आहेत का ते नंबर टाकून पाहा. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या स्वस्त गाड्या इकडे येतात. एनओसी, पुन्हा पासिंग आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरून मगच किंमत ठरवा. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ते एजंटच्या कपाटात ठेवू नका, नाव लगेच बदला. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही. आपली जुनी गाडी विकत असाल तर हे आणखी महत्त्वाचं: आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक धरून अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

घेतल्यावर दुरुस्तीत होणाऱ्या चुका

दर उन्हाळ्यात एसीचा गॅस भरून घेणारे कितीतरी लोक मला माहीत आहेत. एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नसतो. दरवर्षी कमी होतो म्हणजे कुठेतरी गळती आहे. आधी ती शोधायला सांगा, मग गॅस भरा.

दुसरी चूक स्कॅनरच्या कोडची, म्हणजे स्कॅनर लावल्यावर गाडीचा कॉम्प्युटर दोषाचा जो कोड दाखवतो त्याची. कोड दोष कोणत्या भागात आहे ते सांगतो, कोणती वस्तू बदलायची ते नाही. ऑक्सिजन सेन्सरचा कोड सायलेन्सरच्या गळतीनेही येतो. "हे बदलून बघू" असं मेकॅनिक म्हणाला तर "आधी तपासून दाखवा" म्हणा, आणि काढलेला जुना पार्ट परत मागा.

टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) असलेली गाडी असेल आणि बेल्ट बदलल्याचं बिल मिळालं नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरा. तो चालत्या गाडीत तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. गाडी घेतल्याबरोबर ऑइल, कुलंट, फिल्टर आणि हा बेल्ट यांचे पैसे किमतीच्या बाहेर बाजूला ठेवा.

आणि घाटात काटा वर जायला लागला तर, मी त्या दिवशी केलं नाही ते करा. लगेच एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू. याने इंजिनची थोडी उष्णता गाडीच्या आत येते. पहिल्या सुरक्षित जागी बाजूला घ्या, वळणावर नको. काटा उतरत नसेल किंवा वाफ दिसत असेल तर इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, टाकीचं झाकण उघडू नका. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, मग जाड फडकं धरून झाकण हळूहळू सैल करा आणि पातळी बघा. टाकी रिकामी असेल तर पाणी भरून "घरापर्यंत नेऊ" म्हणू नका, क्रेन बोलवा आणि मंडळींना दुसऱ्या गाडीने पुढे पाठवा.