ब्रेस्ट रिकन्स्ट्रक्शनचं ऑपरेशन ठरलंय? पेशंटनी आणि घरच्यांनी या चुका टाळा

आधी मिश्रीचं बोलू. आपल्या कोल्हापुरात, आणि कागल गडहिंग्लज राधानगरी साइडला तर जास्तच, पन्नाशीपुढच्या कित्येक बायका मिश्री लावल्याशिवाय सकाळच्या चहाला हात लावत नाहीत, आणि डॉक्टरांनी "काही व्यसन आहे का" विचारलं की उत्तर एकच, नाही. त्या खोटं बोलतात असं पण नाही, मिश्रीला कुणी व्यसनात धरतच नाही. वॉर्डातल्या एक मावशी मला सरळ म्हणाल्या, "मी कुठं तंबाखू खातो, मी नुस्ती दात घासतो." पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, त्यातलं निकोटिन हिरडीतनं रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळून धरतं. आता या ऑपरेशनमध्ये, म्हणजे कॅन्सरमुळं स्तन काढल्यावर नवीन करतात त्यात, पोटाची कातडी आणि चरबी उचलून छातीवर नवीन स्तन करतात तेव्हा दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडलेल्या असतात आणि तो सगळा नवीन भाग, त्याला फ्लॅप म्हणतात, त्या एवढ्याशा जोडावर जगतो. तिथं रक्त कमी पडलं की फ्लॅप काळा पडायला लागतो, पोटाचे टाके उसवतात ते वेगळंच. म्हणून मिश्री, तंबाखू, सिगरेट सगळं ऑपरेशनच्या किमान ४ आठवडे आधी बंद आणि नंतर पण बंद, आणि सोडायला म्हणून निकोटिनचा पॅच किंवा च्युइंग गम घेणार असाल तर तेही निकोटिनच आहे, सर्जनला विचारल्याशिवाय नको. नवरा घरात सिगरेट ओढत असेल तर त्याला गच्चीवर पाठवा.

माझ्या मोठ्या जाऊबाईंचं हे ऑपरेशन झालं तेव्हा सोबतीला मी होते, नंतर ओळखीपाळखीतल्या बायका विचारायला लागल्या म्हणून हे लिहायला बसले. मी जे बघितलं त्यात बहुतेक भानगडी दोनच ठिकाणाहनं येतात, लाजेपोटी लपवलेलं आणि मायेपोटी केलेलं.

आपलं ऑपरेशन नेमकं कुठलं हेच माहीत नसणं

"छातीचं ऑपरेशन" एवढंच घरी सांगितलेलं असतं. पण पोटाची कातडी-चरबी वापरून करतात तो डीप फ्लॅप, त्यात पोटाचा स्नायू शाबूत ठेवतात. ट्रॅम फ्लॅपमध्ये स्नायूचा भाग पण घेतात. पाठीचा स्नायू फिरवून पुढं आणतात तो एलडी फ्लॅप. आणि चौथा प्रकार इम्प्लांटचा, त्यात बऱ्याचदा आधी एक्स्पांडर म्हणजे रिकामी पिशवी बसवतात आणि काही आठवडे थोडं थोडं सलाइन भरत कातडी सैल करतात. प्रत्येकाची रिकव्हरी वेगळी आहे, त्यामुळं इचलकरंजीच्या कुणा पाहुणीला चार दिवसांत घरी सोडलं म्हणून तुम्हाला पण सोडतील असं काही नाही. रेडिएशन झालंय किंवा व्हायचंय का यावर पण प्रकार ठरतो कारण रेडिएशन घेतलेल्या जागी इम्प्लांटभोवती कडक आवरण धरायचा धोका वाढतो. फाइलवर ऑपरेशनचं नाव लिहून घ्या, आणि घरातल्या एका तरी माणसाला ते पाठ असू द्या.

औषधं "आठवतील तशी" सांगणं

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल सारख्या रक्त पातळ करायच्या गोळ्या सगळ्यांना माहीत असतात तरी सांगायच्या राहतात. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरनंतरची हार्मोनची गोळी) चालू असेल तर ते मुद्दाम सांगा, त्यानं रक्ताच्या गाठी व्हायचा धोका थोडा वाढतो म्हणून बरेच सर्जन ऑपरेशनच्या आधी काही दिवस ते थांबवतात, पण स्वतःच्या मनानं थांबवायचं नाही, ऑन्कॉलॉजिस्ट आणि सर्जन दोघांनी मिळून ठरवायचं. शुगरच्या गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या ग्रुपच्या असतील तर त्या साधारण ३ दिवस आधी बंद करायला सांगतात, फक्त ऑपरेशनच्या सकाळी बंद करून चालत नाही. आणि लसणाच्या कॅप्सूल, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, वैद्यांचा काढा, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलेलं चूर्ण, हे "औषध थोडीच आहे" म्हणून कुणी सांगत नाही, तर यातल्या काहींनी रक्तस्राव वाढू शकतो. सोपा उपाय म्हणजे घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, बाटल्या, डब्या एका पिशवीत घाला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या टेबलवर पिशवीच ठेवा.

उपाशी राहायच्या बाबतीत एकच सांगते, दुधाचा चहा पाण्यात मोजायचा नाही. दुधाला जेवणासारखेच ६ तास लागतात, साधं पाणी बहुतेक ठिकाणी २ तास आधीपर्यंत चालतं पण ते पण तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तसंच. "घोटभर चहा दिला हो तिला, डोकं दुखत होतं" यापायी ऑपरेशन पुढं ढकलतात.

इन्शुरन्सला घाबरून गप्प बसणं

प्लास्टिक सर्जन म्हटलं की टीपीएवाला, म्हणजे इन्शुरन्स कंपनीसाठी क्लेम बघणारा, "कॉस्मेटिक आहे, बसत नाही" म्हणेल या भीतीनं लोक आधीच कर्ज काढतात. पॉलिसीतलं कॉस्मेटिकचं कलम पूर्ण वाचा, आयआरडीएआयच्या (इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) ठरलेल्या भाषेतच तिथं अपवाद दिलाय की अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरचं रिकन्स्ट्रक्शन त्या वगळण्यात येत नाही. वेटिंग पिरियड, रूम रेंटची लिमिट वगैरे कटकटी राहतातच पण निदान लढायला कागद आहे. प्री-ऑथरायझेशनच्या, म्हणजे खर्चाची आधी मंजुरी मागायच्या फॉर्ममध्ये "कॅन्सरनंतरचं रिकन्स्ट्रक्शन" हे शब्द आलेत का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतनं करायचं असेल तर तुमचं ऑपरेशन पॅकेजमध्ये बसतंय का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला तारीख ठरायच्या आधी विचारा, अ‍ॅडमिट झाल्यावर नाही.

बॅग भरताना

डोक्यातनं घालायचं काहीच नेऊ नका, हात वर जाणार नाहीत. समोरनं पूर्ण बटणं असलेले गाऊन न्या, नवऱ्याचे जुने सैल शर्ट तर एक नंबर. पोटाचं ऑपरेशन असेल तर एका कमरेपासनं दुसऱ्या कमरेपर्यंत टाके असतात आणि परकराची नाडी, सलवारची नाडी बरोब्बर त्याच्यावर बसते, हे कुणाच्याच डोक्यात येत नाही. मॅक्सी बरी. तारवाली ब्रा घरीच ठेवा, समोरनं हुक असलेली मऊ सर्जिकल ब्रा कधीपासनं घालायची ते सर्जन सांगेल. बांगड्या घरीच उतरवा, नाहीतर ऐनवेळी हिरव्या बांगड्या फोडायची वेळ येते आणि सासूबाईंचं तोंड बघवत नाही. मंगळसूत्र पण घरीच.

हॉस्पिटलमधल्या पहिल्या ४८ तासांबद्दल थोडक्यात: नर्स दर तासाला येऊन फ्लॅपचा रंग, ऊब, डॉपलरचा (रक्त वाहतंय का ते ऐकायचं यंत्र) आवाज बघणार, रात्री पण. "जरा झोपू द्या की तिला" म्हणून भांडू नका. जोडलेली रक्तवाहिनी बंद पडली तर ते लवकर कळण्यावर फ्लॅप वाचणं अवलंबून असतं, आणि असल्या गडबडी बहुतेक याच दिवसांत होतात. खोली गरम वाटली तरी एसी स्वतःहून जास्त थंड करू नका, थंडीनं रक्तवाहिन्या आखडतात. आणि दुखतंय तर दुखतंय म्हणा. आपल्या बायका सोसत बसतात, मग खोकता येत नाही, चालता येत नाही, आणि पायात रक्ताची गाठ व्हायची भीती वाढते ती वेगळी.

ड्रेन

घरी गेल्यावर सगळ्यात जास्त गोंधळ याचा. ड्रेन म्हणजे जखमेत साठणारं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी. नळीच्या टोकाला एक बल्ब असतो, तो चेपलेला असेल तरच ओढ लागते. रिकामा केला आणि चेपायचा विसरला तर ड्रेन नुसता शोभेला लटकतो. हात धुवा, बूच उघडा, मापाच्या ग्लासात ओता, किती मिली ते वहीत लिहा, बल्ब चेपा, चेपलेला असतानाच बूच लावा. दोन-तीन ड्रेन असतील तर प्रत्येकाचा आकडा वेगळा, सगळ्याची बेरीज करून लिहिणारे पण बघितलेत मी. साधारण २४ तासांत ३० मिलीच्या खाली आला की काढायचा विचार करतात, म्हणून ती वही फॉलोअपला विसरायची नाही. बल्ब मोकळा लोंबकळू देऊ नका, गाऊनला पिन करा, आंघोळीला गळ्यात नाडी बांधून अडकवा (आंघोळ कधीपासनं करायची ते विचारून).

रंग आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातो, ते बरोबर आहे. एकदम येणं बंद झालं तर नळीत गुठळी आहे का बघा, शिकवलं असेल तसं कातडीजवळ नळी घट्ट धरून दुसऱ्या हातानं बल्बच्या दिशेनं दाबत न्या. तरी नाही आलं आणि जागा फुगली तर फोन करा. पिवळ्याचं परत लालभडक झालं किंवा बल्ब भराभर भरायला लागला तर लगेच फोन, रात्र असली तरी. नळी निसटून बाहेर आली तर परत आत सरकवायची नाही, स्वच्छ गॉज ठेवून हॉस्पिटलला कळवा.

शेक देऊ नका, खरंच देऊ नका

बाळंतिणीला शेगडीचा शेक देणारी आपली माणसं, ऑपरेशन झालेल्या लेकीला गरम पाण्याची पिशवी देणारच. पण नवीन केलेल्या स्तनाला आणि पोटाच्या टाक्यांवरच्या कातडीला संवेदना नसते, बराच काळ नसते, काहींना पूर्ण परत येतच नाही. पिशवी किती गरम आहे ते तिला कळतच नाही आणि फोड येतो तेव्हाच समजतं. हीटिंग पॅड, इस्त्रीनं गरम केलेला कपडा, सगळं त्यातच आलं. बर्फ पण थेट लावायचा नाही. हळद, तूप, कुठलं तरी तेल टाक्यांवर नको, मालिश तर नकोच. व्रणाला हलकं मालिश करायला सर्जन नंतर स्वतःच सांगतात, जखम पूर्ण बंद झाल्यावर. हे सासूबाईंना तुम्ही सांगून पटत नसेल तर डिस्चार्जच्या वेळी त्यांना डॉक्टरांसमोर बसवा, डॉक्टरांचं ऐकतात त्या.

पथ्याचा अतिरेक

आंबट खाल्लं की पू होतो, भात खाल्ला की जखम ओली राहते, वांगं नको, अंडं उष्ण. मग राहतं काय तर मऊ खिचडी आणि शहाळं, आणि एवढ्या मोठ्या जखमेला प्रोटीन मिळतच नाही. अंडी, चिकन, मासे, डाळी, दही, पनीर जे घरात चालतं ते भरपूर द्या. लिंबू, आवळा, मोसंबी यांनी पू होत नाही, त्यातलं व्हिटॅमिन सी जखम भरायला लागतं. पांढरा रस्सा द्या की, तांबडा पोट सांभाळून. फक्त गंगावेशीतनं धारोष्ण दूध आणून देताय ते नको, विशेषतः केमो होऊन गेली असेल तर, दूध उकळूनच. शुगर असेल तर ती कंट्रोलमध्ये ठेवा, वाढलेली शुगर जखम भरू देत नाही. वेदनेच्या गोळ्यांनी, ट्रॅमाडॉल असेल तर हमखास, पोट साफ होत नाही आणि कुंथलं की टाक्यांवर ताण, म्हणून पाणी, फळं, आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल पहिल्यापासनंच.

घरात उंच कॉट लावा, जमिनीवरची गादी नको. डीप फ्लॅपनंतर सुरुवातीला कमरेत वाकूनच चालायचं असतं, शेजारचे "ताठ चाल गं" म्हणतील तिकडं लक्ष द्यायचं नाही, झोपताना पाठीखाली आणि गुडघ्याखाली उशा, खोकताना पोटाला उशी धरायची. देशी संडास असेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवा. भरलेली कळशी, पाच लिटरचा कुकर, नातू, यातलं काहीही साधारण ६ आठवडे उचलायचं नाही. अ‍ॅक्टिव्हाचं पण सर्जननी हो म्हटल्यावरच, अचानक ब्रेक दाबून हँडल सावरता आलं पाहिजे आणि झोप आणणाऱ्या गोळ्या बंद पाहिजेत. पण उलटी चूक पण करू नका, हात अंगाला चिकटवून बसलं की खांदा आखडतो, फिजिओथेरपिस्टनं दिलेले हलके व्यायाम दिलेल्या दिवसापासनं करायचे. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सुई, बीपीचा पट्टा शक्यतो नको असं बहुतेक डॉक्टर सांगतात, आणि हात सुजायला लागला, बांगडी घट्ट झाली तर लगेच दाखवा.

बघायला येणाऱ्यांचं काय करायचं ते मला अजून जमलेलं नाही. कोल्हापुरात माणूस आजारी म्हटलं की अख्खी गल्ली शहाळी घेऊन येते. सर्दी-खोकला असलेल्यांना दारातनंच परत पाठवा आणि "दाखव बघू कसं केलंय" म्हणणाऱ्यांना पण. हो, म्हणतात.

पुण्या-मुंबईला ऑपरेशन आणि पावसाळा

पुण्याला केलं असेल तर परत येताना सीट बेल्ट आणि छाती-पोटाच्या मध्ये पातळ उशी घ्या, वाटेत थांबून दर तास-दीड तासानं चार पावलं चाला. आणि तारीख जुलै-ऑगस्टची असेल तर पंचगंगेचा विचार करा. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि रस्ता बंद झाला होता. ड्रेन अंगात असताना असं अडकलं तर काय, म्हणून इथल्याच एखाद्या सर्जनकडं फाइलची झेरॉक्स आणि आधी एक भेट करून ठेवा. शिरोळ, चिखली, आंबेवाडीकडं राहत असाल तर ते दिवस शहरातल्या नातेवाइकांकडं काढलेले बरे.

कधी वाट बघायची नाही

फ्लॅप निळा-जांभळा, काळपट किंवा एकदम पांढरा-थंड पडला, एका बाजूला अचानक फुगला, ताप १००.४ च्या वर, लाली पसरत चालली, वास किंवा पू, तर सकाळची ओपीडी उघडायची वाट बघू नका. एक पोटरी सुजून दुखायला लागली किंवा दम लागला, छातीत कळ आली तर थेट कॅज्युअल्टी, १०८ ला फोन. हॉस्पिटलचा रात्री उचलला जाणारा नंबर डिस्चार्जच्या आधीच मागून घ्या, आणि तिथंच एकदा लावून बघा.

काही महिन्यांनी नवीन स्तनात कडक गोळी लागली तर पुष्कळदा चरबीचा एखादा तुकडा रक्त न मिळाल्यानं कडक झालेला असतो, पण ते तुम्ही घरी ठरवायचं नाही, तपासून घ्यायचं. पाठीचा फ्लॅप केलेल्यांना पाठीत पाणी साठून फुगवटा येतो, ते सुईनं काढतात, घाबरायचं नाही. सूज उतरून आकार बसायला महिने लागतात, निपल नंतरच्या टप्प्यात करतात, त्यामुळं पहिल्या आठवड्यात आरशात बघून काही ठरवू नका. आणि एक्स्पांडर बसवला असेल तर त्याचं कार्ड पर्समध्ये ठेवा, बऱ्याच एक्स्पांडरच्या तोंडाशी मॅग्नेट असतो आणि मग एमआरआय चालत नाही. कंबर दुखते म्हणून दुसऱ्या डॉक्टरनी एमआरआय लिहून दिला तर कार्ड आधी तिथल्या टेक्निशियनला दाखवायचं.