बाटलीतला ऑक्सिजन: क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) नव्याने लागणाऱ्यांसाठी

परभणी, लातूरकडून फूड टेकची पदवी घेऊन वाळूज नाहीतर शेंद्र्याच्या एखाद्या कंपनीत लागलं की पहिल्याच आठवड्यात हातात डीओ मीटर येतं. रसात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा, रजिस्टरात लिहायचं, सही ठोकायची. ऑक्सिजनने मोसंबीचा रस काळवंडतो, व्हिटॅमिन सी जातं, शेंगदाणा खवट होतो, हे सगळं तुम्हाला पाठ असतं. मीटर कॅलिब्रेट करताही येतं. पण समोर दिसणारा आकडा बाटलीतल्या नेमक्या कुठल्या ऑक्सिजनचा आहे, हे कोणी सांगत नाही. मला बरेच महिने तेच नडलं, म्हणून इथे जरा जास्तच फोड करून सांगते.

२०० मिलीची गार भरलेली बाटली धरा. डीएरेटर (रसातली हवा काढणारं यंत्र) चांगला चालला, रसात लिटरला १ मिलिग्रॅम ऑक्सिजन उरला. म्हणजे बाटलीभर रसात ०.२ मिलिग्रॅम. साहेब खूश. आता झाकणाखालची १० मिली रिकामी जागा बघा. तिथे साधी हवा असेल तर तिच्यात जवळपास २१ टक्के, म्हणजे दोन मिलीच्या वर ऑक्सिजन. वजनात तो पावणेतीन मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. रसातल्यापेक्षा तेरा-चौदा पट! आणि तुमचं मीटर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, कारण त्याचा प्रोब रसात आहे.

म्हणून बाटली सीलबंद असतानाच चार-पाच मिनिटं जोरात हलवायची, वरचा आणि खालचा ऑक्सिजन समतोलात येऊ द्यायचा आणि मग रिडिंग घ्यायचं. वरच्याच बाटलीचं २५ अंशांना गणित केलं तर बाटली न हलवता १ दाखवणारं मीटर बाटली हलवल्यावर साडेपाचच्या आसपास जातं. बाटली तीच, रस तोच. ऑक्सिजनला पाण्यात राहायला आवडत नाही. २५ अंशांना तो हवेत पाण्याच्या तीसेक पट दाटीने राहतो. म्हणून १० मिली रिकामी जागा ही ३०० मिली रसाइतकी धरा. हे एकदा डोक्यात बसलं की भरण्याची पातळी दोन मिलीने खाली गेल्यावर मला धडकी का भरते ते कळेल.

सापळ्याचा दुसरा दात याहून वाईट. शिफ्ट संपता संपता काढलेलं सॅम्पल कोणीतरी टेबलावर ठेवतं आणि दोन-तीन दिवसांनी त्याचं रिडिंग घेतं. आकडा उतरलेला असतो. सगळे म्हणतात, ‘बघा, सेटल झालं.’ काही सेटल झालेलं नसतं. झाकण घट्ट असेल तर ऑक्सिजन बाहेर जाणार कुठे? तो रसाने खाल्ला. १ मिलिग्रॅम ऑक्सिजन हिशेबाने साडेपाच ते अकरा मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी संपवू शकतो. पावणेतीनचा गुणाकार तुम्हीच करा. उशिरा घेतलेलं सुंदर रिडिंग म्हणजे नुकसान होऊन गेल्याची पावती. शेंगदाणा-फरसाणच्या पाकिटाचंही असंच: पंधरा दिवसांनी हेडस्पेसमधला, म्हणजे पाकिटातल्या रिकाम्या जागेतला, ऑक्सिजन कमी दिसला तर हवेच्या जागी भरलेल्या नायट्रोजनला शाबासकी देण्याआधी तेलाचं पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेल खवट होऊ लागल्याचं माप, बघा.

त्यात आपला मराठवाडा. लॅब एसीत २५ अंशांवर आणि माल नांदेडच्या पत्र्याच्या गोदामात, मे महिन्यात, बाहेरच ४२. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम गोदामाने वाचलेला असतो, शेल्फ लाइफ ठरवणाऱ्यांनी नाही.

यावरचा लाडका शॉर्टकट म्हणजे ‘अॅस्कॉर्बिक अॅसिड (म्हणजे व्हिटॅमिन सीच) वाढवा.’ माझा याला ठाम विरोध. थोडं घालणं ठीक, पण ढिसाळ भरणी झाकायला ओतलेलं अॅस्कॉर्बिक स्वतःच मोडतं आणि रस तपकिरी करायला मदत करतं. त्यापेक्षा कॅपरच्या (झाकण लावणाऱ्या यंत्राच्या) आधी द्रव नायट्रोजनचा थेंब नीट पडतोय का बघा. तो वायू होताना जवळपास ७०० पट फुगतो आणि वरची हवा ढकलून देतो. थेंब आणि झाकण यांच्यातलं अंतर वाढलं की हवा परत शिरते. हे मला कुठल्याच साहेबांनी सांगितलं नाही, कॅपरवरच्या मामांनी दाखवलं. ‘अनुभवाने कळेल’ म्हणणाऱ्या सिनियरच्या मागे फिरू नका. त्यांनाही बहुतेक वेळा कळलेलं नसतं.

पाकिटांच्या लाइनवर असाल तर नायट्रोजन जनरेटरची शुद्धता दिवसातून एकदा नाही, लाइट जाऊन आल्यावर दर वेळी तपासा. पीएसए प्लांट (हवेतून नायट्रोजन वेगळा करणारा हाच जनरेटर) चालू झाल्या झाल्या चांगला वायू देत नाही, त्याला वेळ लागतो; ऑपरेटरला तेवढा धीर नसतो. सीलमध्ये मसाल्याची भुकटी अडकली तर नायट्रोजन, मेटलाइज्ड फिल्म सगळं वाया. ऑक्सिजन शोषणाऱ्या लोहाच्या पुड्यांचं पाकीट फोडून जेवायला जायचं नाही, त्या तुमच्या हॉलची हवा पीत बसतात.

दोन ठिकाणी मी मवाळ बोलणार नाही. नायट्रोजनच्या बंद खोलीत एकट्याने शिरू नका. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला की हवा धोक्याची, आणि नायट्रोजनला वास नसतो; चक्कर आल्याचं कळेपर्यंत माणूस पडलेला असतो. दुसरं, पीएच ४.६ च्या वर असलेला ओलसर पदार्थ ऑक्सिजन काढून टाकला म्हणजे सुरक्षित झाला, असं कोणी म्हणालं तर सही करू नका. अन्नात जीवघेणं विष तयार करणाऱ्या बोटुलिनमच्या जंतूला नेमकी तीच बिनऑक्सिजनची जागा हवी असते. तिथे योग्य उष्णता-प्रक्रिया किंवा थंड साखळी लागतेच. नोकरी जाईल ही भीती मला माहीत आहे, तरी नाही.

बाकी घाबरायचं कारण नाही. पहिले काही महिने तुमचे आकडे शेजारच्या शिफ्टशी जुळणार नाहीत, मीटिंगमध्ये मान खाली जाईल. माझी गेली होती, आणि फरक फक्त बाटली हलवण्याचा होता. रजिस्टरात तीन रकाने वाढवून मागा: बाटली हलवली का, भरून किती वेळ झाला, रिडिंगच्या वेळी तापमान किती. छापील फॉरमॅट बदलायला मंजुरी लागते आणि ती लवकर येत नाही. तोवर हेच शेऱ्याच्या रकान्यात लिहा, पण पेनाने. पेन्सिलीचं लिहिलेलं ऑडिटर धरत नाही.