इन्व्हर्टरला दुसरी बॅटरी पॅरलल जोडताना

बॅकअप पुरत नाही म्हणून दुसरी बॅटरी घ्यायची ठरली, तर आधी इन्व्हर्टरवरचं लेबल वाचा. १२ व्होल्टचा असेल तरच पॅरलल: प्लसला प्लस, मायनसला मायनस. व्होल्ट १२च राहतात, १५० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) दोन मिळून ३०० एएच होतात. २४ व्होल्टच्या इन्व्हर्टरला सिरीज लागते, तो विषयच वेगळा.

जुनीला नवी जोडू नका, दुकानदार "चालतंय की" म्हणाला तरी. थकलेली बॅटरी नवीलाही उतरवते. कंपनी, प्रकार, एएच आणि वय, चारही सारखं हवं.

दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करून चार-पाच तास तशाच ठेवा. मग व्होल्ट मोजायचं मल्टीमीटर लावा. लेड-ॲसिड बॅटरी साधारण १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. दोघींत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. आतला रोध अगदी कमी असल्याने जास्त भरलेलीतून दुसरीत एकदम मोठा करंट धावतो.

आता मेन्स आणि इन्व्हर्टर बंद. जुन्या वायरी सोडवताना आधी मायनस. अंगठी, कडं, घड्याळ काढा, पान्याच्या दांडीला इन्सुलेशन टेप गुंडाळा. खिडक्या उघडा, चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो, त्यामुळे शेजारी देवघर असेल तर निरंजन आधी विझवा.

प्रत्येक प्लस टर्मिनलवर डीसी फ्यूज बसवा आणि फ्यूजच्या पुढून दोन्ही प्लस जाड केबलने जोडा. मायनस लगेच जोडू नका. मीटरची एक पिन एका मायनसला, दुसरी दुसऱ्या मायनसला लावा. आकडा शून्याच्या आसपास हवा. २५ व्होल्ट दिसले तर एक बॅटरी उलटी लागली आहे. तशीच जोडली असती तर थेट शॉर्ट. हे मोजमाप अर्ध्या मिनिटाचं, पण बहुतेक जण नेमकं तेच टाळतात. आकडा बरोबर असेल तर मायनस जोडा.

इन्व्हर्टरची प्लस वायर पहिल्या बॅटरीवरून घ्या, मायनस दुसरीवरून. दोन्ही एकाच बॅटरीवरून घेतल्या तर तीच जास्त राबते. शेवटची मायनस लावताना बारीक ठिणगी उडू शकते, इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरतात म्हणून. नट घट्ट आवळून टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावा.

तासभर लोड चालवून सगळं बंद करा आणि लग, म्हणजे केबलच्या टोकाचे धातूचे जोड, चाचपा. एखादा गरम लागला तर तो सैल आहे. आणि चार्जर १५ अँपिअरचाच असेल, तर रिकाम्या ३०० एएचला वीस तासांहून जास्त लागतील. लाइट वारंवार जात असेल तर चार्जिंग करंट वाढवता येतो का, ते इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत बघून घ्या.