वसईचा किल्ला बघायला जाताय?

वसई रोड स्टेशनबाहेरून रिक्षा किंवा बस धरा आणि सकाळी लवकरच पोहोचा. आतल्या बहुतेक चर्चना छप्पर उरलेलं नाही, त्यामुळे दुपारी ऊन थेट डोक्यावर येतं. चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी फोटो काढून परत फिरू नका. बंदराकडच्या दर्या दरवाजापर्यंत चालत जा. वाटेत फ्रान्सिस्कन चर्चमध्ये शिरलात की पायाखाली बघा. जमिनीतल्या थडग्यांच्या शिळांवर पोर्तुगीज अक्षरं कोरलेली आहेत. १७३९ मध्ये मराठ्यांनी किल्ला जिंकण्याआधी दोनशे वर्षं इथे अख्खं शहर नांदत होतं, ही त्याच माणसांची नावं. कृपा करून त्यांवर पाय देऊ नका. पावसाळ्यात दगडी जिने शेवाळतात, तेव्हा बुरुजावर चढणं टाळाच.