दहावीच्या लेकराला रात्री झोप लागत नसेल तर

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत नववी-दहावीला शिकवते. पालकसभेला मार्क विचारायला आलेल्या आया जाता जाता हळूच म्हणतात, "बाई, पोरगी रात्री दोन-दोनपर्यंत जागी असते. सकाळी उठवायला गेलं की अंगावर येते." त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी लेकराला आळशी म्हणणं बंद करा. वयात येताना शरीरातलं झोपेचं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं मेलाटोनिन उशिरा तयार होतं, म्हणून दहाला दिवा घालवला तरी डोळा लागत नाही. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी, आणि शाळा भरते सकाळी सातला! 2024 मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नका असं सांगितलं. मोठ्या मुलांचाही विचार व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. सुरुवात सकाळपासून करा. उठायची वेळ ठरवा. रविवारीही ती तासाभराहून जास्त पुढे जाऊ देऊ नका. शाळेला चालत किंवा सायकलवर पाठवा. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोप हळूहळू अलीकडे येते. दुपारी झोपायचंच तर अर्धा तास, तेही चारच्या आत. क्लासहून आल्यावर चहा नको. त्यातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात उरतं. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात ठेवा, आणि तुमचाही तिथेच. गजराला साधं घड्याळ पुरतं.

खरी मेख मनातल्या घोरात आहे. दिवसभर क्लास, शाळा, घरकाम. आडवं पडल्यावरच डोक्याला मोकळीक मिळते आणि सगळं एकदम वर येतं. म्हणून घोराला संध्याकाळचीच वेळ द्या. जेवणाआधी पंधरा मिनिटं, एक वही. डाव्या बाजूला जे टोचतंय ते, उजव्या बाजूला त्याचं उद्या काय करायचं ते. "भूमितीची प्रमेयं राहिली" याच्यासमोर "उद्या मधल्या सुट्टीत बाईंना विचारणे". एवढंच. वर्गातल्या एका मुलीने लिहिलं होतं, "पप्पांचा कापडाचा माग बंद पडला तर?" उजवी बाजू कोरी. तिच्या आईला मी बोलावून घेतलं. त्या माउलीने लेकीला जवळ घेऊन घरात किती येतं, किती जातं ते सगळं सांगितलं आणि म्हणाली, "हे आमचं आम्ही बघू, तू तुझं बघ." लेकरं न सांगितलेल्या गोष्टींनाच जास्त घाबरतात.

अंथरुणात वीसेक मिनिटं तळमळ झाली तर उठून बसू द्या. मंद उजेडात काहीतरी साधं वाचावं, पेंग आली की परत आडवं व्हावं. घड्याळाकडे बघू नये. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर.

एका खोलीत सगळं घर असलं तरी यातलं बरंच जमतं. मागाची खडखड एकसारखी असते, सवयीच्या लेकराला ती नडत नाही. मध्येच काही बदललं की झोप मोडते. आई रात्री विड्या वळत बसली असेल तर दिवा तिच्यापुरता खाली घ्या. रात्री-अपरात्री पाणी आलं तर घागरी भरायला दहावीच्या पोरीला उठवू नका. उन्हाळ्यात पत्रा तापतो. झोपण्याआधी कोमट पाण्याने अंघोळ, आणि सोय असेल तर गच्चीवर अंथरूण.

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, शाळेच्या नावाने पोटात दुखू लागलं, छाती धडधडली, जेवण तुटलं, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये हा विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलतात. "जगून काय करू" असं एकदा जरी तोंडून निघालं तरी लेकराला एकटं सोडू नका, त्याच वेळी फोन लावा. घरातल्या मोठ्यांची झोपेची गोळी मुलांना कधीच देऊ नका. दवाखान्यात जाताना लेकरू आठवडाभर किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं, ते कागदावर लिहून न्या. डॉक्टर ते विचारतातच.